कोणती ओळ, कोणतं झाड

द्राक्षबागेत दोन ओळींमध्ये साधारण नऊ ते दहा फूट अंतर ठेवतात. खिशातल्या फोनचं जीपीएस मोकळ्या आभाळाखालीसुद्धा तीन ते पाच मीटर इकडेतिकडे दाखवतं. मांडवाखाली, तारा आणि पानांच्या गर्दीत, त्याहून जास्त. बागेत उभं राहून फोनला ‘मी कुठे आहे’ असं विचारलं तर तो गाव बरोबर सांगतो, शिवार बरोबर सांगतो, बहुतेक वेळा गटही बरोबर सांगतो. ओळ मात्र त्याला सांगता येत नाही. आणि रोग नेमका ओळीत येतो. बांधाकडच्या चार झाडांत, सखल कोपऱ्यात, शेवग्याच्या सावलीत जिथे सकाळचं ऊन उशिरा पोचतं तिथे तो आधी दिसतो.

माझं सध्याचं सगळं काम या दहा फुटांत आहे. शिकले मी संगणकीय ग्राफिक्स. एम.टेक.चा विषय ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या खऱ्या जगावर संगणकाने काढलेलं चित्र असं बसवायचं की ते तिथलंच वाटलं पाहिजे. आता नाशिकच्या दिंडोरी तालुक्यात आमच्या घरच्या आणि आजूबाजूच्या बागांत मी पानांचा ओलावा, तापमान, पाऊस मोजणारी यंत्रं लावते आणि त्यांच्या आकड्यांवरून डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाचा अंदाज बांधते. ‘एवढं शिकून शेवटी शेतीतच आलीस का’ असं ओळखीचे लोक विचारतात. मला क्षेत्र बदलल्यासारखं वाटतच नाही. तेव्हाही प्रश्न हाच होता आणि आजही हाच आहे: हातात असलेली माहिती नेमक्या जागेवर कशी बसवायची.

१९६८ साली आयव्हन सदरलंड यांनी डोक्यावर घालायचा संगणकीय पडदा करून दाखवला. दोन छोट्या चित्रनळ्या, डोळ्यांसमोर अर्धपारदर्शक आरसे, आणि मानेची हालचाल मोजायला छतापासून खाली आलेली यांत्रिक दांडी. एवढ्या खटाटोपातून दिसायचा तो नुसत्या रेषांचा, हवेत तरंगणारा घन. घन काढणं तेव्हाही फार अवघड नव्हतं. माणसाने मान वळवली तरी तो घन जागचा हलता कामा नये, यासाठी ते सगळं छताला टांगलेलं होतं. पुढे १९९०च्या सुमाराला बोइंगमध्ये टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी या कल्पनेला आजचं नाव दिलं. त्यांची अडचण कारखान्यातली होती. विमानातल्या तारांचे जुडगे मोठमोठ्या फळ्यांवर बांधले जात, आणि कोणती तार कुठून कुठे न्यायची हे बघायला कामगाराला सारखं आकृतीकडे वळावं लागे. ती रेघ फळीवरच, हाताच्या जागी दिसली तर? मला हा विचार फार आवडतो, कारण त्याच्या मध्यभागी काम करणारा माणूस आहे आणि त्याचे दोन्ही हात गुंतलेले आहेत.

चित्र जागेवर बसवणं किती अवघड, ते एका हिशेबात दिसतं. माणूस सहज मान वळवतो तेव्हा ती सेकंदाला ५० अंशांच्या वेगाने फिरू शकते. यंत्राला मानेची नवी दिशा कळून चित्र सरकवायला १०० मिलिसेकंद लागले, तर तेवढ्यात चित्र ५ अंशांनी मागे पडतं. दोन मीटरवरच्या वस्तूवर ही चूक जवळपास १७ सेंटीमीटर होते. बागेच्या भाषेत सांगायचं तर बाण एका घडाकडे दाखवायचा होता आणि दाखवला शेजारच्या घडाकडे. डोळ्याला मिचकायला लागतो त्याहून कमी वेळ, आणि सल्ला चुकीच्या घडाला.

प्रयोगशाळेत यावर उत्तरं सापडली. १९९९मध्ये हिरोकाझू काटो यांनी एआरटूलकिट तयार केलं: जाड काळ्या चौकटीचं एक चिन्ह कागदावर छापायचं, कॅमेरा त्या चौकटीचे चार कोपरे शोधतो आणि स्वतःची जागा ठरवतो. २०१७मध्ये ॲपल आणि गूगलने अशी सोय थेट फोनमध्ये आणली, तीही चिन्हाशिवाय. कॅमेरा खोलीतले कोपरे, कडा, टाइल्सचे सांधे असे ठळक बिंदू हेरतो आणि ते कसे सरकले यावरून आपण कुठे आहोत हे ओळखतो. दिवाणखान्यात हे सुरेख चालतं.

बागेत ते कोलमडतं, आणि कारणं बागेचीच आहेत. ठळक बिंदू म्हणजे पानं, आणि वाऱ्याने पानं हलतात. प्रत्येक ओळ पुढच्या ओळीसारखी, मांडवाचा प्रत्येक लोखंडी अँगल पुढच्या अँगलसारखा, त्यामुळे यंत्राला बाराव्या ओळीत उभं राहून ती सतरावी वाटते. शिवाय बाग बदलत राहते. फळासाठी करतात त्या गोडी छाटणीनंतर नुसत्या काड्या आणि तारा दिसतात, मग डोळे फुगतात, पोंगा येतो, फुटवे वाढतात, आणि दीड महिन्यात मांडव इतका झाकून जातो की खाली ऊन कवडशांपुरतंच उतरतं. ऑक्टोबरात केलेला नकाशा नोव्हेंबरात कामाचा राहत नाही. खोली जशीच्या तशी राहते म्हणून खोलीतलं तंत्र टिकतं. वाढणाऱ्या, हलणाऱ्या, एकसारख्या दिसणाऱ्या जागेसाठी वेगळं संशोधन लागतं, आणि ते बागेत उभं राहूनच करावं लागतं.

आता डाऊनीकडे येते, कारण हा सगळा खटाटोप तिच्यासाठी आहे. डाऊनी मिल्ड्यू, पुस्तकी नाव केवडा. बुरशीसारखा वागणारा हा जीव अमेरिकेतून युरोपात गेला आणि फ्रान्सच्या बागा त्याने उजाड केल्या. बोर्दोचे प्राध्यापक मिलार्दे यांनी मोरचूद आणि चुन्याच्या मिश्रणाचा उपाय १८८५मध्ये मांडला. आमच्याकडे अजून रोज ‘आज बोर्डो मारायचंय’ असं म्हणतात, ते त्या गावाचं नाव. डाऊनीचे बीजाणू पाण्यात पोहतात. पानावर पाण्याचा पापुद्रा असेल तर ते पोहत पोहत पानाच्या खालच्या बाजूच्या छिद्रांपर्यंत पोचतात आणि तिथून आत शिरतात. तापमान मानवेल असं, म्हणजे वीस-पंचवीस अंशांच्या घरात असेल, तर पान दोन-तीन तास ओलं राहणं पुरतं. आत शिरल्यावर काही दिवस बाहेर काहीच दिसत नाही. मग पानाच्या वरच्या बाजूला तेलाचा थेंब पडल्यासारखा पिवळट डाग, आणि एखाद्या दमट रात्रीनंतर खालच्या बाजूला पांढरी लव. फुलोऱ्यात घडावर गेली तर तो घड गेला. डाग दिसल्यावर धावण्यात अर्थ नसतो, आणि रोज भीतीपोटी औषध मारण्यातही नसतो. पैसा जातो, माणसाच्या फुफ्फुसात औषध जातं, मण्यात अंश राहतो. २०१०मध्ये वाढरोधकाच्या अंशावरून युरोपने आपली द्राक्षं अडवली, त्या हंगामाची झळ ज्यांना बसली त्यांना अंश म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून कळायला हवं ते एवढंच: काल रात्री माझ्या बागेतलं पान किती वेळ ओलं होतं.

हे आजवर कुणी मोजलंच नाही असं नाही. पुण्याजवळ मांजरी इथे १९९७पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे आणि हवामान बघून दिलेला त्यांचा सल्ला बागायतदार वाचतात. २०१७पासून महावेध प्रकल्पातून राज्यात महसूल मंडळनिहाय दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. ही मोठी मजल आहे. पण एका मंडळात कितीतरी गावं येतात. ऑक्टोबरचा पाऊस ओढ्याच्या एका काठावर पडतो आणि दुसरा काठ कोरडा ठेवतो. दव तर त्याहून चंचल. ते माळावर आणि मळईत सारखं पडत नाही.

मग खासगी केंद्रं आली. आमच्या शेजारच्या एका बागेत एका कंपनीची माणसं येऊन केंद्र बसवून गेली. बसवलं विहिरीच्या मोटारीजवळ, कारण तिथे रेंज चांगली, कुंपण आहे, चोरीची भीती नाही. कारणं सगळी खरी. फक्त तिथे द्राक्षाचं एकही पान नव्हतं. पानाचा ओलावा मोजायची पट्टी उघड्यावर, ऊन येताच सुकणारी. बागेच्या पोटात मात्र पानावर पान, हवा कोंडलेली, आणि तिथे दव टिकून. अ‍ॅपवर ‘धोका नाही’ अशी हिरवी खूण येत राहिली.

मला हे नीट दाखवलं ते यंत्राने नव्हे. आमच्याकडे हंगामात सुरगाणा-पेठकडून बायका-माणसं कामाला येतात: डिपिंग म्हणजे घड संजीवकात बुडवणं, विरळणी, पानं काढणं. त्यातल्या एक मावशी वर्षानुवर्षं येतात. सकाळी मी मांडवात पट्टी कुठे टांगावी याचा विचार करत उभी होते. त्यांनी काहीच न बोलता एक पान उलटं केलं, अंगठा खालच्या बाजूने फिरवला आणि माझ्यापुढे धरला. अंगठा ओला. मग चार ओळी पलीकडे गेल्या, तसंच पान, तसाच अंगठा, कोरडा.

“हिकडं वारा नाय,” त्या म्हणाल्या. “नऊ वाजले तरी अंगावर पाणी गळतं. पयल्या ओळीत आमी निवांत काम करतो.”

मी विचारलं, “अजून कुठं असं राहतं, मावशी?”

त्यांनी हाताने सबंध बाग दाखवली. टाकीमागचा कोपरा, खालच्या बांधाकडच्या दोन ओळी, शेवग्याजवळची सहा-सात झाडं. साडी, पदर, डोक्यावरचा फडका ज्या ज्या जागी भिजतो त्या त्या जागा त्यांना तोंडपाठ होत्या. इतका बारीक दवाचा नकाशा माझ्याकडच्या कुठल्याही उपग्रहाकडे नाही. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर दहा मीटर बाय दहा मीटरचा असतो. आमच्या तीन-साडेतीन ओळी त्यात मावतात. आणि तो वरून पाहतो. पानाखाली काय चाललंय ते त्याला दिसत नाही. पट्ट्या आम्ही मावशींनी दाखवलेल्या जागी टांगल्या. पहिल्याच आठवड्यात टाकीमागचा कोपरा आणि पहिली ओळ यांच्या ओलाव्यात तासांचा फरक दिसू लागला.

मायक्रोसॉफ्टच्या फार्मबीट्स प्रकल्पात संशोधकांनी एक हुशारी केली होती. मोजके सेन्सर मातीत आणि ड्रोनचं चित्र वरून, दोन्ही जुळवून सबंध शेताचा ओलाव्याचा नकाशा काढायचा. मला तो मार्ग पटतो, कारण प्रत्येक झाडाला सेन्सर कुणालाच परवडणार नाही. नऊ बाय पाचवर एकरी साडेनऊशेच्या वर झाडं बसतात. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात त्याच घराण्यातलं तंत्र उसावर वापरलं जातंय. ऊस वेगळा, तिथे पाणी आणि खत हा मुख्य हिशेब, द्राक्षात रोगाचा. एकाचं यश उचलून दुसऱ्यावर ठेवता येत नाही, एवढं नोंदवून पुढे जाते.

फोटो काढून रोग ओळखणारी अ‍ॅप्स हा माझ्या जास्त जिव्हाळ्याचा विषय. २०१६मध्ये प्लँटव्हिलेज या संग्रहातल्या ५४,३०६ फोटोंवर संगणकाला पानांचे रोग ओळखायला शिकवलं गेलं. चाचणीत अचूकता निघाली ९९.३५ टक्के. बातम्या झाल्या. त्याच निबंधात संशोधकांनी प्रामाणिकपणे पुढचंही लिहिलं आहे: वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिले तेव्हा अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली. कारण संग्रहातलं प्रत्येक पान तोडून, साध्या एकरंगी पार्श्वभूमीवर ठेवून टिपलेलं होतं. झाडावरचं पान तसं नसतं. त्याच्यावर बोर्डोचा निळा थर असतो, दुसऱ्या पानाची सावली असते, मागे आकाश असतं. आणि द्राक्षाचे जे रोग त्या संग्रहात होते त्यात आमची डाऊनी नव्हतीच. मला त्या संशोधकांबद्दल आदर आहे, त्यांनी संग्रह सगळ्या जगाला खुला दिला. पण पान तोडलं की ते कोणत्या ओळीतलं, कोणत्या उंचीवरचं, शेजारच्या पानाची काय अवस्था, हे सगळं तुटतं. बागेतला जाणता माणूस एका पानावरून कधीच निदान करत नाही. तो पान बघतो आणि लगेच शेजारचं, खालचं, पलीकडच्या झाडावरचं बघतो. म्हणून आम्ही फोटो झाडावरच काढतो, वरची बाजू आणि खालची बाजू, आणि सोबत जागेची नोंद.

आणि जागेची नोंद म्हटली की परत ते दहा फूट. महागडा उपाय आहे: मोजणी खात्याकडे आता असतो तसा रोव्हर, जो संदर्भ केंद्रांच्या जाळ्यावरून काही सेंटीमीटरपर्यंत जागा सांगतो. पण तो प्रत्येकाच्या हातात देता येणार नाही. म्हणून आम्ही रोव्हरने बागेतले खांब एकदाच मोजून घेतले आणि खांबांवर ऑइलपेंटने आकडे घातले: ओळ आणि खांब. सुरुवातीला चौकोनी छापील चिन्हं लावली होती, काटोंच्या पद्धतीची. औषध फवारणाऱ्या ब्लोअरच्या दोन फेऱ्यांनंतर त्यांवर मोरचुदाचा असा थर चढला की कॅमेऱ्याला चौकट सापडेना. रंगवलेला आकडा मात्र फडक्याने पुसला की वाचता येतो, आणि माणसाला वाचता येतो हे महत्त्वाचं.

चष्म्याचं स्वप्न माझंही होतं: डोळ्यावर चष्मा, रोगाच्या जागी लाल वर्तुळ. बागेत तो घालून पाहिल्यावर लक्षात येतं की दुपारच्या उन्हात एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो आणि पारदर्शक काचेवरचं चित्र त्यात विरून जातं. काचेवर घाम, हातमोजे ओले, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. कारखान्यातल्या त्या फळीपाशी जे चाललं ते इथे चालत नाही. कान मात्र मोकळे असतात. म्हणून आता सल्ला आवाजात जातो आणि नोंदही आवाजात येते. “अठ्ठावीसची सहा, खाली पांढरं” एवढं कुणी बोललं की ते नकाशावर त्या खांबाशी जाऊन बसतं. ब्लोअरच्या आवाजात मराठी आकडे ओळखणं, त्यातही सुरगाण्याच्या बोलीत म्हटलेले, हे आमचं सध्याचं सगळ्यात कष्टाचं काम आहे. हा शोधनिबंधात दोन ओळींचा विषय आणि बागेत सगळं काही.

आमचे अण्णा, माझे चुलते, यंत्रांना विरोध करत नाहीत, पण त्यांचा प्रश्न नेहमी पैशाचा असतो. परवा ते म्हणाले, “तुझी पट्टी सांगते माझ्या बागेत एवढा पाऊस झाला. विमावाला ऐकतो का तिचं?”

ऐकत नाही. हवामान आधारित फळपीक विम्यात, गारपिटीचा वेगळा भाग सोडला तर, नुकसान बागेत येऊन पाहिलं जात नाही. मंडळातल्या संदर्भ केंद्रावर ठरलेल्या काळात ठरलेला पाऊस झाला का, यावर भरपाई ठरते. केंद्र कोरडं राहिलं आणि बागेत घड कुजले, तर कागदावर काहीच झालेलं नसतं. निर्यातीच्या बाबतीत आपण हे सुधारून दाखवलं आहे. २००६पासून अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट नोंदणीमुळे युरोपला गेलेली पेटी कोणत्या प्लॉटमधून आली ते सांगता येतं. गिऱ्हाइकासाठी प्लॉटपर्यंत पोचणारी व्यवस्था शेतकऱ्याच्या भरपाईसाठी मंडळापाशी थांबते, हे मला अन्यायाचं वाटतं.

विमा कंपन्यांचा आक्षेप मला समजतो. खासगी पर्जन्यमापकात कुणी तांब्याभर पाणी ओतलं तर? शिवाय मापक बिघडतात. आतली छोटी डोलती वाटी भरली की कलंडते आणि प्रत्येक कलंडीला ०.२ मिलिमीटर पाऊस नोंदला जातो. नरसाळ्यात कोळ्याचं जाळं, चिमणीची विष्ठा, मुंग्यांचं घर झालं की पाणी अडतं आणि पाऊस थांबल्यावर तासन्‌तास ठिबकत राहतं. यंत्र सांगतं पाऊस चालूच आहे. शिवारातल्या शेजारशेजारच्या मापकांनी एकमेकांना तपासलं तर खोडी आणि बिघाड दोन्ही उघडे पडतात. एकट्यानेच मुसळधार नोंदवली आणि सभोवतीचे कोरडे, तर जाऊन बघायचं. हे गणित आम्ही लिहिलं आहे. त्याच्या जोडीला प्रत्यक्ष चाचणी हवी. २०० चौरस सेंटीमीटर तोंडाच्या मापकात एक लिटर पाणी हळूहळू सोडलं तर वाटी २५० वेळा कलंडली पाहिजे आणि पाऊस ५० मिलिमीटर दिसला पाहिजे. यंदा गोडी छाटणीच्या आधी कृषी सहायक, सोसायटीचे सचिव आणि शेजारच्या बागायतदारांसमोर शिवारातल्या सगळ्या मापकांची ही चाचणी घ्यायची आणि आकड्याखाली सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या, असं ठरलंय. त्याचा फॉर्म मी बनवतेय. त्यात मापकाच्या जागेचा फोटो सक्तीचा ठेवलाय, रोव्हरने घेतलेले अक्षांश-रेखांशही, आणि एक रकाना अण्णांनी घालायला लावलाय: सगळ्यात जवळचं द्राक्षाचं झाड किती फुटांवर आहे.